लेकीबरोबर शिकारीला जाऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखक मूळचे सातारा जिल्ह्यातले, गेली अकरा वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतात. घरी पत्नी, तेरा वर्षांची मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलगी शाळेत धनुर्विद्या शिकते आणि त्यात चांगली रमली आहे. एप्रिलमध्ये तिथे एक शनिवार-रविवार मुलांना टर्कीची, म्हणजे कोंबडीसारख्या मोठ्या रानपक्ष्याची, शिकार करता यावी म्हणून राखून ठेवलेला असतो. वर्गमैत्रिणीच्या वडिलांनी त्या दोन दिवसांत दोघी मुलींना धनुष्यबाण घेऊन रानात न्यायचं ठरवलं आहे आणि ‘तुम्हीही चला’ म्हणून यांना बोलावलं आहे. पत्नी शाकाहारी आहे, ‘आपल्यात हे नसतं’ म्हणते. साताऱ्याची आई माळकरी. स्वतः ते मटण खातात, पण कोंबडीची मानही त्यांनी कधी मुरगळलेली नाही. ते लिहितात: “गेली दोन वर्षं लेकीशी बोलणं म्हणजे ‘जेवलीस का’ आणि ‘किती वाजता आणायला येऊ’ एवढंच उरलं आहे. नाही म्हटलं तर ती आणखी लांब जाईल. हो म्हटलं तर माझ्या डोळ्यांदेखत तिच्या हातून एक जीव जाईल. मैत्रिणीचे वडील तिला जे देऊ शकतात ते मला येत नाही. लहानपणी अर्जुनाची गोष्ट मीच तिला सांगायचो, आता कोणत्या तोंडाने अडवू? आणि आईला काय सांगू? की लपवूनच ठेवू?”

अर्जुनाच्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण ती तुम्हाला उगाच छळते आहे. द्रोणाचार्यांनी झाडाच्या शेंड्यावर ठेवलेला तो पक्षी जिवंत नव्हता. कारागिरांकडून मुद्दाम करवून घेतलेला कृत्रिम पक्षी होता तो. आपण गोष्ट सांगताना नेमकं तेवढंच गाळतो आणि ‘मला फक्त डोळा दिसतो’ एवढं लक्षात ठेवतो. तुम्ही लेकीला एकाग्रता शिकवलीत आणि ती आज शाळेत कागदी लक्ष्यावर तेच करते आहे. यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. कागदापासून जिवंत पक्ष्यापर्यंतची पायरी मात्र मोठी आहे आणि तिच्याबद्दल तुमच्या घरात अजून कोणी कोणाशी नीट बोललेलं दिसत नाही. तुम्ही पत्नीचं म्हणणं लिहिलंत, आईची काळजी लिहिलीत, मैत्रिणीच्या वडिलांचं आमंत्रण लिहिलंत. मुलीला तिथे का जायचं आहे, हे मात्र चार पानांच्या पत्रात एकदाही आलेलं नाही.

ते आधी विचारा. ‘तुला पक्षी मारावासा का वाटतो?’ असं नको. त्या प्रश्नात तुमचा निकाल आधीच लागलेला आहे आणि तेरा वर्षांच्या मुलीला तो लगेच ऐकू येतो. ‘तिथे गेल्यावर काय काय होईल असं तुला वाटतं?’ असं विचारा आणि मग गप्प राहा. गाडी चालवताना विचारलंत तर बरं; दोघांची नजर समोर रस्त्यावर असली की या वयाची मुलं जरा मोकळी होतात. कदाचित तिला मैत्रिणीबरोबर रात्री उशिरापर्यंत जागायचं असेल. कदाचित धनुष्य घेऊन रानात जाण्याचं अप्रूप असेल आणि बाण सुटल्यानंतरचा विचार तिने केलाच नसेल. किंवा सगळा विचार करून ती तुमच्याही पुढे गेली असेल. प्रत्येक उत्तरानुसार तुमची पुढची पावलं बदलतील.

हे उत्तर लिहिण्याआधी मी तुमच्या राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे नियम वाचले. विस्कॉन्सिनमध्ये बरीच वर्षं धनुष्याने टर्की टिपणाऱ्या एका बाईंशी फोनवर तासभर बोलले. तोवर माझ्याही डोळ्यांसमोर शिकार म्हणजे हाकारे, पाठलाग, आरडाओरडा असंच चित्र होतं. ही शिकार म्हणजे बहुतांशी नुसतं बसणं आहे. रानटर्की रात्री झाडावर झोपते. ती उजाडताना खाली उतरायच्या आत तुम्ही जागेवर हवेत, म्हणजे पहाटे साडेतीन-चारला उठणं आलं. एक छोटा कापडी तंबू असतो, तिकडे त्याला ब्लाइंड म्हणतात, आपण लपण म्हणू. त्यात घडीच्या खुर्च्यांवर बसायचं. आतला अंधार मोडू नये म्हणून काळे कपडे घालायचे. एप्रिलमध्येही पहाटे हात गारठतात. बोलायचं नाही, हलायचं नाही, फोन बंद. या पक्ष्याला वास फारसा कळत नाही, पण नजर इतकी तीक्ष्ण की लपणाच्या खिडकीत हात हलला तरी पुरे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं.

मग हळूहळू फटफटतं. कुठूनतरी घुबडाच्या घुमण्यासारखा आवाज कोणीतरी काढतो आणि त्याला उत्तर म्हणून झाडावरचा नर घशातून जोरात कलकलतो. त्यावरून तो कुठे आहे ते कळतं. मग तुमच्या यजमानांच्या मांडीवरची लाकडी पेटी बोलू लागते. खडू लावलेलं झाकण पेटीच्या कडेवर घासलं की मादीच्या हाकेसारखा आवाज येतो. नर उत्तर देतो, गप्प होतो, पुन्हा देतो. कधी तासाभराने समोर येतो, शेपटीचा पंखा पसरून, पंख जमिनीला घासत, आणि छातीतून असा खोल आवाज काढतो की तो कानांपेक्षा अंगालाच जास्त जाणवतो. बहुतेक वेळा येतच नाही. त्या बाई म्हणाल्या, पहिल्या तीन वसंतांत त्यांनी एकही बाण सोडला नव्हता.

त्या पक्ष्याच्या डोक्याबद्दल एक गंमत सांगते, कारण तिचा संबंध आपल्या गोव्याशी आहे आणि तुमच्या सुरक्षिततेशीही. १६१२ साली जहांगीर बादशहासाठी त्याच्या माणसाने गोव्याहून काही दुर्मीळ प्राणी-पक्षी आणले, त्यांत टर्की होती. बादशहाने तिचं चित्र उस्ताद मन्सूरकडून काढून घेतलं आणि या पक्ष्याचं डोकं-मान सरड्यासारखी रंग बदलते, असं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. चारशे वर्षांपूर्वीचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. माजावरच्या नराचं डोकं लाल, पांढरं आणि निळं होतं. म्हणून तिकडच्या टर्कीच्या रानात हे तीन रंग अंगावर घालायचे नाहीत, मोजा किंवा रुमालसुद्धा नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला झाडीत तुमचा ठिपका पक्ष्याचं डोकं वाटू शकतो. त्याच कारणाने टर्कीच्या आवाजाच्या दिशेने लपतछपत जायचं नाही. तो आवाज पक्ष्याचा नसून पेटी घासणाऱ्या माणसाचा असू शकतो.

आता तुमच्या पत्नीच्या ‘आपल्यात हे नसतं’बद्दल. त्यांना मारणं सहन होत नाही, ही त्यांची भावना खरी आहे आणि तिला कारणांची गरज नाही. पण ‘आपल्यात’ या शब्दात कोण कोण येतं? तितराची हुबेहूब हाक काढणारे, पायवाटेवरचा ठसा पाहून प्राणी किती वेळापूर्वी गेला ते सांगणारे पारधी मराठी मुलखातलेच. कातकरी, ठाकर, वारली हेही आपलेच. कोल्हापूरच्या संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हा झाला आणि उरलीसुरली रानं पाहता ते योग्यच होतं. पण ज्या कौशल्याचा तुमच्या राज्यात वर्ग भरतो आणि परवाना मिळतो, त्याच कौशल्यावर जगणाऱ्या पारध्यांना इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का अजून पुरता गेलेला नाही. तुमची लेक इतक्या दूर वाढते आहे. शिकारीच्या निमित्ताने तिला ‘आपल्यात नसतं’ असं सांगण्यापेक्षा हे सगळं सांगितलं तर तिला आपली माणसं जास्त कळतील.

तुम्ही लिहिलेला पत्नीचा दुसरा आक्षेप, शिकार नेमकी वसंतात होते हा, मला अधिक वजनदार वाटतो. वसंत हा त्या पक्ष्यांचा जोडीचा काळ. क्रौंचाच्या जोडीतला नर बाणाने पडला आणि मादीचा आक्रोश ऐकून वाल्मीकींच्या तोंडून शाप निघाला, हे ज्या घरात सांगितलं जातं तिथे ‘जोडी लागण्याच्या दिवसांत बाण?’ हा प्रश्न येणारच. इथे मला जे कळलं ते सांगते. रानटर्की क्रौंचासारखी जोडीने राहत नाही. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि पुढे घरट्याकडे फिरकतही नाही. मादी एकटीच दहा-बारा अंडी घालते, सुमारे अठ्ठावीस दिवस उबवते आणि पिल्लं एकटीच वाढवते. वसंतातल्या शिकारीत परवानगी असते ती नराची, किंवा छातीवर दाढीसारखा पिसांचा झुपका असलेल्या पक्ष्याची. एका नराच्या जाण्याने घरटं उजाड होत नाही.

हे वाचताना मला माझीच लहानपणची एक रात्र आठवली. आमचं गाव राजापूरजवळ. मृगाचा पहिला दणका पाऊस झाला की बाबा बत्ती, टोपली आणि कोयती घेऊन चढणीच्या माशांना निघायचे. मी दहा वर्षांची असताना मला पहिल्यांदा नेलं. वहाळाच्या पाण्यात गुडघाभर उभे राहून आम्ही दोघं अक्षरही न बोलता थांबलो होतो. मासे उलट धारेला चढायला लागले, बाबांनी टोपली भरली आणि टोपलीतली तडफड बघून मला रडू फुटलं. बाबा ‘रडू नको’ म्हणाले नाहीत. त्यांनी बत्ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “तू उजेड धर.” परतताना मी पुढे, ते मागे. बाबांना जाऊन वर्षं झाली, पण त्यांचा हात आठवतो तो त्या बत्तीच्या कडीवरचा. आणि आज कळतं ते हेही, की त्या माशांची पोटं गाभोळीने भरलेली होती. अंडी घालायला निघालेलेच मासे आम्ही धरत होतो. नियम म्हणून पाहिलं तर तुमच्या विस्कॉन्सिनची टर्कीची शिकार आमच्या त्या रात्रीपेक्षा कितीतरी जबाबदार आहे. त्या रात्रीची माया खरी होती आणि चूकही खरी होती. हे दोन्ही मी आता एकत्रच आठवते, त्यांतलं एक दुसऱ्याने पुसलं जात नाही.

त्या जबाबदारीलाही इतिहास आहे. जंगलतोड आणि बेबंद शिकारीने १८८० च्या सुमारास विस्कॉन्सिनमधली रानटर्की संपली होती. १९७६ मध्ये मिसुरीतून पकडून आणलेले पक्षी व्हर्नन काउंटीत सोडले गेले. बदल्यात विस्कॉन्सिनने मिसुरीला रानकोंबड्यासारखे ग्राउस पक्षी दिले. आणलेल्या टर्की तगल्या, पसरल्या आणि १९८३ मध्ये वसंतातली शिकार मोजक्या परवान्यांनिशी पुन्हा सुरू झाली. १९३७ च्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला आणि पुढे धनुष्यबाणाचं सामानही त्यात आलं. म्हणजे मैत्रिणीच्या वडिलांनी घेतलेल्या बाणांतला थोडा पैसा त्याच रानाकडे जातो. हे मी तुम्हाला पटवण्यासाठी सांगत नाही. कायदेशीर आणि विचारपूर्वक असलेली गोष्टही तुम्हाला नकोशी वाटू शकते. पण नको म्हणताना काय नाकारतो आहोत ते नीट माहीत असावं.

मला खरी धास्ती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तिच्याबद्दल तुमच्या पत्रात काहीच नाही. बंदुकीपेक्षा धनुष्याने टर्की मारणं पुष्कळ अवघड आहे. पक्षी दिसतो मोठा, पण त्यातला बराचसा भाग पिसांचाच. बाण जिथे लागला तर तो तत्काळ मरेल अशी जागा मुठीएवढी. जरा इकडेतिकडे झालं तर जखमी पक्षी पळतो, उडून जातो आणि कुठेतरी झाडीत तडफडत राहतो. तुमच्या लेकीच्या मनावर मेलेल्या पक्ष्याचं ओझं किती राहील मला सांगता येत नाही. जखमी होऊन निसटलेल्या पक्ष्याचं राहील, हे मात्र त्या बाईंनी स्वतःच्या अनुभवावरून ठामपणे सांगितलं. सोळा वर्षांपूर्वीचा एक पक्षी त्यांना अजून आठवतो.

म्हणून इथे मी अजिबात नरम राहणार नाही. शाळांमधला जो धनुर्विद्या उपक्रम २००२ मध्ये केंटकीत सुरू होऊन देशभर पसरला, त्यात वापरलं जाणारं धनुष्य दहा ते वीस पौंडांच्या ओढीचं असतं. तुमची मुलगी त्याच उपक्रमात शिकत असेल, तर तिचं रोजचं धनुष्य शिकारीचं नाही. शिकारीसाठी जास्त ओढीचं धनुष्य लागतं, किमान ओढ किती हवी ते नियमावलीत बघा, आणि ते तिला झेपायला महिने लागतात. शाळेत ती उभी राहून बाण सोडते, लपणात खुर्चीवर बसून सोडावा लागेल, जाड कपड्यांत, गारठलेल्या बोटांनी, पक्ष्याची पाठ फिरून पसरलेल्या पंख्याआड त्याचे डोळे झाकले जातील तेवढ्या क्षणात दोरी ओढून. तेव्हा घरामागे फोमची टर्की ठेवून, खुर्चीवर बसवून, पंधरा पावलांवरून सराव करू द्या. मुठीएवढ्या वर्तुळात दहापैकी नऊ बाण, तेही लागोपाठ काही आठवडे, असं होत नसेल तर या एप्रिलमध्ये तिने जिवंत पक्ष्यावर बाण सोडू नये. हे माप माझं आहे, सरकारी नाही. पण मैत्रिणीच्या वडिलांपुढे ते ठेवा. चांगला शिकारी असेल तर त्याला ते पटेल. हसण्यावारी नेलं तर त्यांच्याबरोबर लेकीला पाठवू नका.

आता तुम्ही स्वतः. ‘ते जे देऊ शकतात ते मला येत नाही’ हे तुमचं वाक्य मी बराच वेळ बघत राहिले. वडील म्हणजे ज्याला येतं तो, असं तुम्ही धरून चालला आहात. गणित तुम्ही शिकवलंत, सायकल शिकवलीत, तोपर्यंत नातं ठीक होतं. तिला तुम्हाला न येणाऱ्या गोष्टी आवडू लागल्या आणि तुम्ही ‘किती वाजता आणायला येऊ’वर आलात. तुमच्यासारखी पत्रं मला परदेशातून अधूनमधून येतात. गोठलेल्या तळ्यात भोक पाडून मासे धरायला निघालेला मुलगा, घोड्यावर बसायला शिकणारी मुलगी आणि काठावर अवघडून उभे असलेले आईवडील. एकदा तुम्ही तिचे विद्यार्थी होऊन बघा.

त्याची सोय तुमच्या राज्याच्या नियमांतच आहे. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचा नेहमीचा परवाना घ्यायचा तर शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. नवख्यांना अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरावर राहून शिकार करण्याची सवलत आहे, त्यामुळे मुलीला या वर्गाशिवायही जाता येईल. तरीही वर्गाला जा, दोघंही, एकाच बाकावर. तिला परीक्षेत तुमच्यापेक्षा जास्त गुण मिळाले तर घरी येताना गाडीत काय होतं ते अनुभवा. घरी आल्यावर धनुष्य तिच्याकडून शिका. ती तुमचं कोपर सरळ करील, खांदा खाली करायला सांगील, कंटाळेल, पुन्हा सांगील. दोन वर्षांत तिने तुम्हाला एवढी वाक्यं सलग ऐकवली नसतील. एप्रिलची वाट बघायचीही गरज नाही. मार्चमध्ये पहाटे दोघंच नुसते रानात जा आणि टर्की कुठल्या झाडांवरून बोलते ते ऐका. घरी आल्यावर एकमेकांचे कपडे, कानामागे, केसांत गोचीड तपासा. तुमच्या भागात त्यातून लाइम रोग होतो, हा भाग हसण्यावारी नेऊ नका.

आणि त्या दोन दिवसांबद्दल माझं म्हणणं असं: शनिवारी तिचं धनुष्य गाडीतच राहू द्या. पहिल्या सकाळी तिने नुसतं बसावं, ऐकावं, मैत्रिणीच्या बाजूने बघावं. पक्षी पंधरा पावलांवर येऊन फुललेला बघितल्यावर तिला काय वाटतं ते तिलाच आधी कळू द्या. रविवारी धनुष्य घ्यायचं की नाही ते ती ठरवील. हे तिला आधीच, घरीच सांगा आणि तिची तयारी असेल तरच ठरवा. ऐनवेळी लादलंत तर ती फसवणूक होईल.

लपणात तुमच्याजवळ एक गोष्ट असेल जी यजमानांकडे नाही: मराठी. तुम्ही लिहिलंय की लेकीला समजतं पण ती बोलत नाही. लपणात एका शब्दापुरतंच कुजबुजता येतं. थांब. डावीकडे. हळू. आत्ता. आणि एक शब्द पक्का ठरवून ठेवा, ‘नको’. दोघांपैकी कोणीही ‘नको’ म्हटलं की बाण सुटणार नाही, कारण विचारायचं नाही, घरी येईपर्यंतही नाही. तुम्हाला असह्य झालं तर तुमचं ‘नको’, तिचा हात थरथरला तर तिचं. इतरांसमोर माघार घेणं या वयात फार जड जातं. तिला ती वाट तुम्ही तिच्या घरच्या भाषेत उघडी ठेवायची.

न जाण्याचा पर्यायही खुला आहे, आणि मुलीशी बोलून, सगळं कळून घेऊनही तुमचं मन तयार होत नसेल तर तो घ्या. फक्त कारण तुमचं सांगा. ‘आईला आवडणार नाही’, ‘आजीला काय वाटेल’ असं दोन बायकांच्या खांद्यावरून बोलू नका. ‘मला बघवणार नाही, म्हणून मी येत नाही’ हे वडिलांच्या तोंडचं वाक्य मुली समजून घेतात. त्याच दमात दुसरं काही पुढे ठेवा: रानात पायवाटेवर मांडलेल्या फोमच्या प्राण्यांवर नेम धरायच्या धनुर्विद्येच्या स्पर्धा असतात, तिथे दोघांनी नाव द्या, किंवा त्याच लपणात कॅमेरा घेऊन बसा. तुम्ही न जाता तिला एकटीला पाठवणं हाही एक मार्ग आहे, पण तुमच्याच पत्रावरून वाटतं की तो तुम्हाला सगळ्यात जास्त बोचेल. आणि नातं जोडायचं म्हणून मन मारून, चेहऱ्यावर उत्साह आणून जाणार असाल तर तेवढं करू नका. चार तास हातभर अंतरावर बसलेल्या मुलीपासून ते लपत नाही.

पक्षी मिळालाच तर तो घरी कसा येईल हे निघण्याआधी पत्नीशी बोलून ठेवा. सोलणं-कापणं यजमानांच्या अंगणातच उरका. पत्नीला स्वयंपाकघरात नको असेल तर वेगळं पातेलं, वेगळी शेगडी, मागच्या डेकवर. छातीचं मांस लवकर शिजतं. तंगड्या मात्र चिवट, जन्मभर धावलेल्या पक्ष्याच्या त्या. कांदा-लसूण मसाला घालून मंद आचेवर तीन तास रस्सा होऊ द्या, आणि तो लेकीला करू द्या. मारलेलं खायचं आणि टाकायचं नाही, एवढं बंधन तरी तिने पाळावं.

आईपासून मात्र लपवू नका. लपवलंत तर लेकीला कळेल की बाबांना या गोष्टीची लाज वाटते, आणि धाकटा व्हिडिओ कॉलवर कधीतरी बोलून जाईलच. आधी फोन करा, जाऊन आल्यावर नाही. तुम्ही एकट्याने करा. त्या रागावतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण तुम्ही मटण खाता हे त्यांना वीस वर्षं माहीत आहे आणि तरी दर आषाढीला त्या तुमच्यासाठी तुळशीची माळ मागवून ठेवतात, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना नातीशी बोलायचं असेल तर बोलू द्या, मध्ये पडू नका. आजीने जीव घेण्याबद्दल जे सांगायचं ते तिच्या तोंडून नातीने ऐकायलाच हवं. ऐकून ती काय ठरवते ते तिचं.

मैत्रिणीच्या वडिलांना अजून उत्तर कळवलेलं नाही म्हणालात. परवान्याच्या सोडतीचा अर्ज आदल्या डिसेंबरातच भरावा लागतो, त्यामुळे फार दिवस हाती नाहीत. आधी लेकीशी बोला, मग पत्नीशी, मग त्यांना फोन करा. आणि जायचं ठरलं तर त्यांना एवढं विचारून घ्या, की त्यांच्या लपणात चार खुर्च्या मावतात का. मावत नसतील तर लेकीशेजारी एक दुसरं लपण तुम्ही विकत घेऊन याल.